आधी सावली, मग सोलर

आज आईला घेऊन एका नव्या कार्यालयात गेले होते. पश्चिमेची अख्खी भिंत काचेची. अकोल्यात, मे महिन्यात! दुपारी दोनला लाइट गेली आणि वीस मिनिटांत आतली सगळी माणसं बाहेर कडुलिंबाखाली आली. खिडक्या उघडणाऱ्या नव्हत्याच. ७२ वर्षांची माझी आई घामाने भिजून पायरीवर बसली आणि म्हणाली, "तुझ्या आजीच्या घरात असं कधी झालं नाही गं."

वर गच्चीवर सोलरच्या रांगाच्या रांगा, तरी आत पंखा फिरेना. बॅटरी नसलेली, ग्रिडला म्हणजे वीज कंपनीच्या तारांना जोडलेली सोलर यंत्रणा, लाइट गेली की स्वतःच बंद होते. तारेवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवाला धोका नको म्हणून, ते बरोबरच आहे. पण मग इमारत अशी का बांधता, की एसी बंद पडला की माणूस गुदमरावा?

आजीचं घर धाब्याचं होतं, म्हणजे वर मातीचं सपाट छप्पर. हातभर जाड मातीच्या भिंती, पूर्वेला ओसरी, वर छोटे झरोके. दुपारची उष्णता भिंतीतून आत झिरपेपर्यंत रात्र व्हायची, आणि रात्री आम्ही धाब्यावर झोपायला. कुणी वास्तुविशारद नव्हता तिथे. हो, धाबं गळायचं, दरवर्षी खारी माती टाकताना आजीची कंबर मोडायची. तसल्या घरात परत जा असं मी म्हणत नाहीये.

पण त्यातली अक्कल तरी घ्या! थंड देशांना ऊन घरात हवं असतं, म्हणून त्यांना काच परवडते. आपण तीच काच इथे लावतो आणि आत आलेलं ऊन बाहेर काढायला आयुष्यभर वीजबिल भरतो. देशात व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संहिता, म्हणजे वीज कमी लागेल असं बांधण्याचे नियम, २००७ मध्ये आली, घरांसाठी २०१८ मध्ये. मग ही पश्चिमेची काच पास कोण करतं? चीड येते नुसती.

वास्तुविशारद लॉरी बेकर केरळात विटा उभ्या लावून आत पोकळी सोडायचे. विटा सुमारे पाव हिश्शाने कमी आणि भिंत थंड. २०१० च्या उन्हाळ्यात उष्णतेने माणसं दगावली, तेव्हा अहमदाबादने शहाणपण घेतलं, २०१३ मध्ये उष्णतेला तोंड देण्याचा आराखडा केला आणि पुढे ऊन परत फेकलं जावं म्हणून वस्त्यांमधली छपरं पांढरी करायला घेतली. एक चुन्याचा डबा आणि एक ब्रश! गरीब देशाला परवडणारं तंत्रज्ञान याहून वेगळं काय असतं?

सोलरला माझा विरोध नाही. तीन किलोवॅटला केंद्राचं ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळतंय, घ्या जरूर. पण तापलेल्या घरावर पॅनेल बसवून दोन एसी चालवण्यापेक्षा आधी घर तापू देऊ नका. मग पॅनेलही कमी लागतील. आणि पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्यांचं काय? त्यांना ना एसी, ना अनुदान. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई दुपारी घरी जात नाहीत, आमच्याच जिन्यात बसतात. पत्र्याखाली बसवत नाही म्हणतात.

संध्याकाळी आईला बरं वाटलं. चहा घेताना आजीच्या ओसरीतली घडवंची कुठे होती, माठ कुठे होता, वाळ्याच्या ताटीवर पाणी मारायची पाळी कोणाची, सगळं सांगत बसली. इतक्या दिवसांनी तिला असं बोलताना ऐकलं.

अकोल्यात गच्चीला चुना मारून देणारं कुणी माहीत असेल तर कळवा. आमची गच्ची आणि ताईंचा पत्रा, दोन्ही याच आठवड्यात करायचंय.