एकच बंदूक पुरे होती

शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने बंदूक परवान्यांवर आणलेल्या निर्बंधांनी फक्त प्रामाणिक माणसाचीच अडचण होते, हे तुमच्या लेखातलं म्हणणं ग्वाल्हेरात राहून मला पटत नाही. आमच्या ‘लष्कर’ नावाच्या भागात वरातीत बार उडवणारे परवानाधारकच असतात. गेल्या मार्गशीर्षात अशीच एक गोळी आमच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत घुसली. पाचच मिनिटांपूर्वी नात तिथे उभी होती हो! भोक बुजवलं, पण त्यावरून हात फिरला की अजून अंगावर काटा येतो. या दुरुस्तीने हर्ष फायरिंगला, म्हणजे आनंदाच्या भरात केलेल्या गोळीबाराला, २ वर्षांपर्यंत कैद ठेवली, हे चांगलंच. पण एका माणसाला ठेवता येणाऱ्या बंदुका ३ वरून २ वरच का थांबल्या? मूळ विधेयकात एकच होती. वर परवान्याची मुदत ३ ऐवजी ५ वर्षं! दर ३ वर्षांनी निदान चौकशी तरी व्हायची.