वरचे वीस

गेल्या वर्षी सिंहगड रोडला एक जुना टू-बीएचके पाहिला. हिला बाल्कनी आवडली, मला पार्किंगमधला बकुळ. मालक निवृत्त सरकारी अधिकारी, काकूंनी आग्रहाने चिवडा दिला. भाव ठरला 80 लाख. मग एजंटाने मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर आकडे टाकून स्क्रीन माझ्यापुढे धरली. 60 + 20. साठ चेकने, वीस ‘वरचे’.

माझा कर पगार हातात येण्याआधीच कापला जातो. वीस लाख रोख मी आणायचे कुठून? एफडी मोडायच्या आणि बँकेतून थोडे थोडे काढायचे. म्हणजे कर भरलेला माझा पांढरा पैसा काकांच्या कपाटात गेला की काळा. शिवाय बँक कर्ज देणार अ‍ॅग्रीमेंटच्या साठवर. एजंट म्हणाला, “तुमचीही स्टॅम्प ड्युटी वाचते की! रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारी दराच्या वरच दाखवतोय, काही होत नाही.” पुण्यात 7 टक्क्यांनी वीस लाखांवर 1 लाख 40 हजार वाचतात, हे खरं. पण उद्या मी घर विकेन तेव्हा माझी खरेदी साठचीच धरणार. न झालेल्या वीस लाखांच्या नफ्यावर कर मी भरायचा, किंवा पुढच्याकडे ‘वरचे’ मागायचे.

काकांनी तेच सांगितलं. “मी घेतलं तेव्हा मीही आठ लाख वर दिलेत. ते कुठल्या कागदावर आहेत? त्याचाही कर आता मीच भरू?” त्यांचा मला राग आला नाही, वाईट वाटलं. जन्मभर टीडीएस कापून घेतलेला माणूस!

घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला 2015 पासून बंदी आहे. घेतली तर तेवढाच दंड, तोही घेणाऱ्याला. नोटाबंदीत 99.3 टक्के नोटा बँकेत परत आल्या. काळा पैसा गादीखाली असतो असं ज्यांना वाटत होतं, त्यांनी एकदा जुना फ्लॅट घ्यायला निघावं. तो भिंतींत असतो, आणि घर विकलं की पुढच्याच्या गळ्यात पडतो.

आम्ही ते घर सोडलं. सोडताना ही रडली. ‘सगळं चेकने’ म्हटलं की पुढचे सहा एजंट फोन उचलेनासे झाले. शेवटी वन-बीएचके घेतला, आणखी लांब, बाल्कनी नाही. पण इंडेक्स टूवर, म्हणजे खरेदीच्या नोंदणीच्या सरकारी उताऱ्यावर, जो आकडा छापलाय, तेवढेच पैसे आम्ही दिलेत. आमच्याकडून जो कुणी हे घर घेईल, त्याच्याकडे मी ‘वरचे’ मागणार नाही.