माहेरघरी एक कॉट मिळेल

निकाल लागला, प्रवेश झाला, गावभर पेढे वाटून झाले. आता तुम्ही पुण्याला निघालात. अभिनंदन. बॅग भरताना कुणीतरी म्हणालंच असेल, "विद्येचं माहेरघर आहे ते, काळजी कशाला?" बरोबर आहे. माहेरघर विद्येचंच आहे. विद्यार्थ्यांचं आहे असं कुणी कधी म्हटलेलं नाही, नीट ऐकत चला.

मी स्वतः २०११ साली लातूरहून आलो आणि सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहिलो. एका खोलीत पाच कॉट, सहावी घरमालक काकांनी 'तात्पुरती' टाकलेली. ती मी सोडेपर्यंत तिथंच होती. तेव्हापासून या विषयातला आपला अभ्यास पक्का आहे असं मला वाटायचं. गेल्या महिन्यात भाचीची खोली रिकामी करून द्यायला गेलो आणि कळलं, आपण अजून पूर्वपरीक्षाही पास नाही. तर अनुभवाचे चार शब्द सांगतो. ऐका आणि सुखी व्हा.

सुरुवात जाहिरातीपासून करा. फोटोतली खोली खरी असते, फक्त ती आत्ताच गेलेली असते. "आत्ताच गेली हो, पण दुसरी दाखवतो." ही दुसरी जी असते, तीच पहिल्यापासून तुमची असते. 'कॉलेजपासून चालत पाच मिनिटं' हेही खरं असतं. पहाटे चारला, उताराच्या दिशेनं, मागं कुत्रं लागलेलं असताना.

एजंटला एका महिन्याचं भाडं द्यायचं असतं. कशाचं म्हणून विचारू नका. कुलूप उघडून दाखवण्याचं म्हणावं, तर आमच्या वेळी किल्ली काकांकडे होती.

काकांसमोर उभे राहिलात की आडनाव आधी सांगा, तेवढाच त्यांचा वेळ वाचतो. आडनावावरून अंदाज आला नाही तर ते गाव विचारतील. गावावरूनही आला नाही तर विचारतील, "तुमच्यात नॉनव्हेज चालतं का?" हा प्रश्न खाण्यापिण्याचा आहे असं समजू नका. आम्ही दोन वर्षांपूर्वी भाचीसाठी सात ठिकाणी फिरलो, त्यातल्या चार ठिकाणी भाडं किती हे कळायच्या आत आमची जात काढायचा प्रयत्न झाला. अतिशय सभ्यपणे, चहा विचारून.

मुलगी असाल तर अजूनच सोपं. तुमच्यासाठी नियमांचा वेगळा कागद लॅमिनेट करून दाराला लावलेला असतो. साडेनऊला गेट बंद. भाऊ आला तर जिन्याखाली भेटायचं. कपडे गॅलरीत वाळत घालायचे नाहीत, 'समोर सोसायटी आहे'. तुमची अभ्यासिका मात्र चोवीस तास उघडी, आणि तिचे पैसेही चोवीस तासांचे. साडेनऊ आणि चोवीस यांचा मेळ कसा घालायचा, हा बुद्धिमत्ता चाचणीचा प्रश्न म्हणून सोडवा. याच शहरात, बुधवार पेठेतल्या भिडेवाड्यात, १८४८ साली सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली. तेव्हा लोक रस्त्यात शेण फेकायचे. आता कुणी शेण फेकत नाही, गेट लावतात.

मेसच्या बोर्डावर 'महिन्याला चार खाडे धरले जातील' असं लिहिलेलं असतं. हे चार खाडे सलग हवेत, आधी सांगून हवेत, आणि दिवाळीचे नकोत.

रविवारी रात्री भूक लागू देऊ नका.

नोकरीची तर अजिबात चिंता नको. प्रत्येक विजेच्या खांबावर नोकरी चिकटवलेली आहे. 'शिक्षणाची अट नाही, अनुभवाची अट नाही, घरबसल्या दरमहा २५,०००.' फोन करा. गोड आवाजाची ताई बोलेल, तिसऱ्या मजल्यावरच्या एका टेबलाच्या ऑफिसात बोलावेल आणि नोंदणी फी मागेल. माझ्या वेळी ७५० रुपये होती. पगार आणायला गेलो आणि पावती घेऊन आलो. पुढच्या सोमवारी गेलो तर टेबलसुद्धा नव्हतं. विद्यापीठाची 'कमवा व शिका' योजना आहे, तिची चौकशी विभागात जाऊन करा. ती बरी आहे, त्यामुळे तिची जाहिरात खांबावर सापडणार नाही.

स्पर्धा परीक्षेसाठी आला असाल तर एक हिशोब पाठ करून ठेवा. मार्च २०२१ मध्ये राज्य लोकसेवा आयोगाची पूर्वपरीक्षा तीन दिवसांवर असताना पुढे ढकलली आणि नवी पेठेतला शास्त्री रस्ता पोरांनी भरून गेला. ऑगस्ट २०२४ मध्ये बँकेची आणि आयोगाची परीक्षा एकाच तारखेला आली, पोरं पुन्हा त्याच रस्त्यावर बसली, परीक्षा पुन्हा पुढे गेली. भाडं मात्र आजवर एकदाही पुढे गेलेलं नाही. ते एक तारखेलाच येतं, आणि त्याला हॉलतिकीट लागत नाही.

आता करार. काका म्हणतील, "अकरा महिन्यांचाच तर आहे, रजिस्टर कशाला, उगाच खर्च." मान डोलवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ यात कलम ५५ म्हणून एक गोष्ट आहे. त्यानुसार करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत. अकरा महिन्यांची ही युक्ती १९०८ च्या नोंदणी कायद्यातून आलेली आहे, महाराष्ट्रात ती कधीच निकामी झाली. पण हे काकांना सांगायला जाऊ नका. सांगितलंत की ती खोली अचानक 'मुलाच्या मित्राला द्यायची ठरलेली' असते.

आम्ही हट्टानं नोंदणी केली. ९,००० भाडं, अकरा महिन्यांचे ९९,०००, त्यावर पाव टक्का मुद्रांक, अनामतीचं थोडं धरून सगळं मिळून तीनशेच्या आसपास, आणि महापालिका हद्दीतली नोंदणी फी १,०००. एजंटनं ४,५०० घेतले. म्हणाला, अर्धे-अर्धे करायची पद्धत आहे. म्हणजे अर्धे भाचीचे आणि अर्धे तिच्या मैत्रिणीचे. त्या करारात, बरं का, पोरींना भाडेकरूसुद्धा म्हटलेलं नव्हतं. 'परवानाधारक' म्हटलं होतं. काकांच्या भिंतींमध्ये श्वास घ्यायचा परवाना.

आणि डिपॉझिट. डिपॉझिट देताना हसतमुख राहा, कारण ती तुमची शेवटची भेट असू शकते. कर्वेनगरातली ती एक खोली, ओटा आणि मोरी, त्यासाठी ४०,००० घेतले होते. चार महिन्यांच्या भाड्याहून जास्त. केंद्रानं २०२१ साली आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर केला, त्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त नको असं लिहिलंय. तो लागू व्हायला राज्यांनी स्वीकारावा लागतो. छान आहे, वाचायला.

दोन वर्षांनी खोली सोडायची होती. पोरींनी दोन दिवस घासून फरशी चकचकीत केली. मी लातूरहून रात्रीच्या गाडीनं आलो, खाली छोटा हत्ती उभा, त्याचं मीटर मनातल्या मनात चालू. काका आले, हातात बॅटरी. भर सकाळी अकरा वाजता, खिडकीतून ऊन आत आलेलं, आणि हा माणूस बॅटरी मारून भिंती बघतोय. प्रत्येक भिंतीपाशी थांबून "हं" म्हणायचा. दाराच्या मागं गेला आणि तिथं जरा जास्त वेळ थांबला. मग खिशातून लग्नपत्रिकेचं एक रिकामं पाकीट काढलं, त्याच्या मागं हिशोब लिहिला आणि माझ्या हातात दिला:

रंगकाम १४,०००. खिळे ४ नग, १,०००. संडासचं झाकण ८००. पंखा पुसणे ३००. किरकोळ १,४००. एकूण १७,५००.

मी विचारलं, किरकोळ म्हणजे काय? "किरकोळ म्हणजे किरकोळ हो साहेब, आता प्रत्येक गोष्ट लिहीत बसायची का?"

दाराच्या मागचा खिळा गंजलेला होता आणि त्याला २०१९ चं एका पतसंस्थेचं कॅलेंडर लटकत होतं. २०१९ मध्ये माझी भाची शाळेत होती. ती म्हणाली, "मामा, थांब," आणि तिनं फोनमधला फोटो काढून दाखवला. राहायला आलेल्या दिवशी आईला पाठवलेला. खोली बघ आई, किती छान आहे. त्या फोटोत दार होतं, खिळा होता, कॅलेंडरही होतं. काकांनी चष्मा वर करून फोटो बघितला आणि म्हणाले, "फोटो काय, आजकाल कसाही काढता येतो."

कसाही काढता येतो! चार खिळ्यांचे हजार रुपये. अडीचशे रुपयांना एक खिळा, तोही यांचाच, आधीच्या कुणीतरी ठोकलेला. त्या आधीच्याकडूनही याचे पैसे घेतले असतील, याची मला आता खात्री आहे. म्हणजे तो खिळा नाही, ती या माणसाची पेन्शन आहे. दर दोन वर्षांनी पिकते. आणि रंग! दोन वर्षं माणसं राहिली तर भिंत मळते. माणूस राहावा म्हणूनच भाडं घेता ना? १८८२ सालचा मालमत्ता हस्तांतरण कायदा भाडेपट्ट्याबद्दल सांगतो की साध्या वापरानं झालेली झीज भाडेकरूच्या माथी मारायची नाही. इंग्रजाला कळलं होतं. आमच्या पोरी म्हणे परवानाधारक, त्यांची झीज वेगळी.

उरलेल्या २२,५०० पैकी १०,००० दिले. बाकीचे? "पुढच्याचं डिपॉझिट आलं की लगेच." म्हणजे तुमचे पैसे तिथं नसतातच. ते आधीच्याला गेलेले असतात, आणि तुम्हाला पुढच्याचे मिळणार असतात. रांगेतल्या शेवटच्याचं काय होतं हे विचारू नका.

मी भांडलो नाही. खाली टेम्पोवाला हॉर्न मारत होता, भाची दंड धरून म्हणत होती, "जाऊ दे ना मामा." तुम्हालाही हाच सल्ला देणार होतो. जाऊ द्या म्हणून. चार ओळी हसतखेळत लिहायच्या, तुम्ही हसायचं, संपलं. इथंच थांबणार होतो.

पण मागच्या रविवारी भाचीच्या वर्गातली एक मुलगी खोली शोधत फिरत होती. एजंटनं एक दाखवली. तिनं भाचीला फोटो पाठवला, "ही तुझीच ना गं?" भाचीनं मला पाठवला. तीच खोली. त्याच भिंती, खिडकीखालचा ओलीचा डाग तसाच, महाराष्ट्राच्या नकाशासारखा. कुठंही रंगाचा ब्रश लागलेला नाही. संडासचं झाकण तेच. दाराच्या मागं तोच खिळा. कॅलेंडर २०१९ चंच. भाडं साडेदहा हजार, डिपॉझिट ५०,०००.

काका, रंग कुठंय?

चौदा हजार घेतलेत ना? कुठंय रंग? माझी बहीण अंगणवाडीत काम करते हो. तुम्ही पाकिटाच्या मागं पंखा पुसण्याचे तीनशे लिहिलेत, तेव्हा हात थांबला नाही तुमचा? त्या पंख्यावर आज धूळ दिसतेय फोटोत. दोन पोरी तुम्हाला दोन वर्षं काका म्हणत होत्या. तुमच्या सौ. आजारी होत्या तेव्हा माझी भाची गेटबंदच्या आत धावत जाऊन औषध आणून द्यायची, साडेनऊच्या आत, कारण तुमचा नियम. निवृत्त माणूस आहात, दोन फ्लॅट आहेत, मुलगा बाहेर आहे, रोज सकाळी टेकडीवर जाऊन चार लोकांना देश कसा बिघडला ते सांगता. तो असा बिघडला. पोरींच्या पैशातून, अडीचशे-अडीचशेनं. आणि एजंट, तू पण. सगळं माहीत होतं तुला. त्याच खोलीची दलाली आजवर कितींदा घेतलीस?

शरम वाटायला हवी होती. बॅटरी मारून भिंती बघता, तशी एकदा आरशात मारा.

राहिलेले साडेबारा हजार या आठवड्यात भाचीच्या खात्यात आले पाहिजेत. करार नोंदवलेला आहे, प्रत माझ्याकडे आहे, फोटो दोन आहेत, आधीचा आणि आताचा. मी सोमवारी येतोय, टेम्पो न घेता, म्हणजे मला घाई नसेल. आणि येताना पक्कड आणतो. दाराच्या मागचा तो खिळा आमचा आहे. पैसे मोजलेत त्याचे. घेऊन जाणार आहे.