अठरा नागपूर

माझा मुलगा अमेरिकेत न्यू जर्सीत एडिसनला राहायला गेल्यापासून आमच्या आत्याला एकच प्रश्न पडला होता. "ते नेमकं किती लांब रे?"

"साडेबारा हजार किलोमीटर," मी म्हणालो. यातून तिला काही कळलं नाही. तिचं अंतराचं माप म्हणजे नागपूर. लेकीकडे जाताना रात्रभर बसमध्ये अंग आंबवून घेतलेलं, 14 तास. मी पुणे-नागपूर 700 किलोमीटर धरून भागाकार केला. "अठरा नागपूर."

आत्या हबकली. "मग लाडू पुरायचे नाहीत रे!"

आणि तिने लाडू वाढवले. त्याच्याकडे निघालेल्या आम्हा नवरा-बायकोच्या 23 किलोच्या बॅगेत आणखी दोन किलो. एडिसनच्या ओक ट्री रोडवर सगळं मिळतं, हे मुलगा फोनवर सांगत होता, पण त्याचं ऐकतो कोण?

तिकिटावर छापलेलं होतं: मुंबई ते न्यूयॉर्क, 15 तास 45 मिनिटं. इतका साळसूद आकडा मी दुसरा पाहिला नाही. विमान रात्री दीडचं, म्हणून आम्ही कोथरूडहून दुपारी चारला निघालो. खंडाळ्याच्या घाटात एक ट्रक आडवा झाला होता. विमानतळ गाठायला साडेनऊ वाजले. म्हणजे 160 किलोमीटरला साडेपाच तास, ताशी 29. पुढचे साडेबारा हजार ताशी 800 च्या आसपास. खरा परदेश घाटाच्या अलीकडेच आहे, हे माझं मत तेव्हापासून पक्कं झालं.

विमानात समोरच्या पडद्यावर नकाशा होता. बायकोने तो उघडला आणि मला कोपराने ढोसलं. "अहो, अमेरिका डावीकडे ना? मग हा वर कुठे चाललाय?"

आता याची तयारी मी घरी मोसंबीवर दोरा ताणून केली होती. पृथ्वी गोल, त्यामुळे सगळ्यात जवळचा दोरा जातो स्वीडन-नॉर्वेवरून ग्रीनलँडच्या अंगाने. खरं विमान बंद आकाशं आणि लढाया चुकवत वळसे घेतं, तो भाग वेगळा. शिवाय पश्चिमेला जाताना वारा तोंडावर येतो, म्हणून जायला जास्त वेळ आणि यायला कमी. हे सगळं मी रंगात येऊन सांगितलं. दोरा ग्रीनलँडला पोचेपर्यंत ती घोरत होती.

मी जागाच. पडद्यावरचं विमान चिकटवल्यासारखं एका जागी. बाहेर उणे 54 अंश, आत माझ्या गुडघ्यांना समोरच्याची टेकलेली पाठ, आणि खिडकीकडच्या गृहस्थांना दर तासाला उठायचं असे. नवव्या तासाला मी उरलेल्या अंतराला 700 ने भागून पाहिलं. अजून सात-साडेसात नागपूर!

उतरलो तेव्हा तिथे सकाळचे पावणेआठ. उन्हाळ्यात न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्यामागे साडेनऊ तास. आत्याला फोन लावला.

"पोचलास? किती वाजले तिथे?"

"पावणेआठ. सकाळचे."

"आजचेच?"

"आजचेच."

पलीकडे थोडा वेळ बोटं मोजल्याची शांतता.

"रात्री दीडला निघालास नि पावणेआठला पोचलास? सव्वासहा तास?" आत्याचा आवाज चढला. "अरे, मग नागपूरच लांब की! उगाच दोन किलो लाडू जास्त केले."