खुलासा : पडवीतली फियाट आणि ‘विंटेज’चा मेसेज

‘जुनी फियाट भंगारात देऊ नका, विंटेज नंबर घ्या, बिनधास्त रोज फिरवा, किंमत सोन्यासारखी चढेल’ असा मेसेज रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या ग्रुपांवर फिरतोय. त्यात तथ्य थोडं, मसालाच जास्त.

2021 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे विंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटलेली, मूळ रूपात राखलेली खासगी गाडी. 1985 ची पद्मिनी, म्हणजे आपली फियाटच, त्यात बसतच नाही. ‘व्हीए’ अक्षरांचा विंटेज नंबर नव्याने नोंदवलेल्या विंटेजला मिळतो, फी 20,000 रुपये. आणि विंटेज नोंद झाली की रोजचं फिरणं बंद. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर. बाजारहाटाला रिक्षाच बघा!

फायद्याची एक बाब मात्र मेसेजवाल्याने लिहिलीच नाही. घरगुती वापरातली गाडी आयकराच्या हिशेबात भांडवली मालमत्ता धरत नाहीत. त्यामुळे नफ्यात विकली तरी सहसा भांडवली नफा कर लागत नाही. तोट्याची वजावटही अर्थात नाही.

पण आपल्याकडे पैसे खातो तो खारा वारा. पायाखालची मॅट उचला आणि पत्र्याला स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. आरपार गेला, तर वरचा चकचकीत रंग विसरा. फ्लोअर कापून नवा पत्रा जोडावा लागणार, दरवाजांच्या तळाशीही बहुधा तेच. मोठी किंमत येते ती दुर्मिळ, कागदपत्रं चोख असलेल्या गाडीला. फियाटी ढिगाने बनल्या होत्या.

ठेवायचीच असेल तर विम्याची रक्कम कंपनीशी आधी ठरवून पॉलिसीवर लिहून घ्या.