तटाच्या आतली खिडकी

११ जुलै २०२५ला पॅरिसमध्ये युनेस्कोच्या समितीनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्या दिवशी आमच्या घरच्या ग्रुपवर भगव्या झेंड्यांचा नुसता पाऊस पडला. गप्प होता तो पन्हाळ्यावर राहणारा आतेभाऊ. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं एकच ओळ टाकली : ‘आता घरावरचा पत्रा बदलायला पण पॅरिसला विचारायचं का?’

त्यावरून जी जुंपली ती आठवडाभर. पुण्यातल्या चुलतभावाचं म्हणणं, गडावर गडच हवा. टपऱ्या, हॉटेलं, पत्रे, सगळं खाली न्या. आतेभाऊ म्हणाला, ‘मी टपरी आहे का?’

मी तुलूझला असतो. वाद रंगला होता तेव्हा मला आठवलं की फ्रान्सचेही असेच बारा किल्ले यादीत आहेत, २००८पासून. ते उभारणारा किंवा बळकट करणारा सेबास्तियँ द वोबाँ हा फ्रान्सच्या चौदाव्या लुई राजाचा दुर्गस्थापत्यकार. जन्म १६३३चा, म्हणजे महाराजांपेक्षा तीन वर्षांनी लहान. त्या बारांतलं एक ठिकाण माझ्या घरापासून गाडीनं तीनेक तासांवर, स्पेनच्या सीमेजवळ पिरेनीजमध्ये आहे. व्हीलफ्राँश-द-कॉनफ्लाँ. सप्टेंबरमध्ये एका शनिवारी निघालो.

गाव म्हणजे दोन समांतर गल्ल्या आणि भोवती तट. घरांना, कमानींना, चर्चच्या दाराला तिथलाच गुलाबी संगमरवर. वस्ती दोनेकशे माणसांची. तटात दोन मजली फिरतं बोळ आहे, खालचं मध्ययुगातलं, वरचं वोबाँच्या काळातलं. तिकीट काढून त्यातून गावाला प्रदक्षिणा घालता येते. जंगीतून, म्हणजे मारा करायच्या फटीतून, बाहेर बघितलं की तेत नदी दिसते. आत बघितलं की कुणाच्या तरी परसातली वाळत घातलेली कपड्यांची दोरी.

गाव दरीत आहे. चारी बाजूंना डोंगर, म्हणजे वरून तोफ डागली की खेळ खलास. वोबाँनं हे ओळखून १६८१मध्ये डोक्यावरच्या कड्यावर लिबेरिया नावाचा किल्ला बांधायला घेतला. हे वाचताना मी तिथेच थांबलो. पन्हाळ्याच्या शेजारी पावनगड का आहे? सिद्दी जौहरच्या वेढ्यात शेजारच्या डोंगराचा धोका कळला, म्हणून तो डोंगर १६७३च्या सुमारास महाराजांनी बांधून काढला. दोन माणसं, दोन खंडं, आठ वर्षांचं अंतर आणि दुखणं तेच. शाळेत हे कुणी सांगितलं असतं तर इतिहासात माझे मार्क वाढले असते.

लिबेरियाकडे जायला डोंगराच्या पोटातून जिना आहे. तो नंतरचा, तिसऱ्या नेपोलियनच्या काळातला. नाव ‘हजार पायऱ्या’, प्रत्यक्षात ७३४. अतिशयोक्ती ही आपलीच मक्तेदारी नाही हे पाहून बरं वाटलं. वर एक तळघर आहे. लुईच्या दरबारात गाजलेल्या विषप्रयोग प्रकरणातल्या बायकांना तिथे मरेपर्यंत डांबलं होतं. तिथे फार वेळ थांबवलं नाही.

गावात पाट्या दोन भाषांत, फ्रेंच आणि कातालान. हा मुलूख १६५९च्या तहानं स्पेनकडून फ्रान्सकडे आला आणि इथल्या लोकांना ते रुचलं नव्हतं. १६७४मध्ये, इकडे रायगडावर राज्याभिषेक झाला त्याच वर्षी, व्हीलफ्राँशमध्ये फ्रेंचांविरुद्ध कट शिजला आणि उघडकीला आला. म्हणजे वोबाँच्या भिंती जेवढ्या स्पॅनिश सैन्यासाठी, तेवढ्याच गावावर नजर ठेवायलाही होत्या. म्हणूनच इथे वोबाँला कुणी हात जोडत नाही. किल्ला परक्या राजाचा, त्यावर प्रेम करायची सक्ती नाही. मग तिकीट किती, गाड्या कुठे लावायच्या, छपराला कुठला दगड, असल्या रुक्ष गोष्टींवर शांतपणे भांडता येतं. आपले गड महाराजांचे. तिथे पत्र्याचा प्रश्न काढला तरी पहिल्या पाच मिनिटांत निष्ठेची तपासणी सुरू होते.

आता पत्रा. फ्रान्समध्ये संरक्षित वास्तूच्या आसपास, साधारणपणे ५०० मीटरच्या टापूत, बाहेरून दिसणारं काहीही बदलायचं तर सरकारी वास्तुतज्ज्ञाचा शेरा लागतो. खिडकीचा रंगसुद्धा. हे जाचक आहे आणि फ्रेंच लोक त्यावर यथेच्छ कुरकुरतात. पण त्यात गृहीत हे धरलंय की माणूस तिथे राहणार आहे आणि त्याची खिडकी कधीतरी कुजणार आहे.

आपल्याकडे प्राचीन स्मारकांच्या १९५८च्या कायद्यात २०१०ला दुरुस्ती झाली. केंद्राच्या स्मारकापासून १०० मीटर नवं बांधकाम बंद, त्यापुढे २०० मीटर नियंत्रित. डागडुजीला मुभा आहे, पण परवानगी काढून. पन्हाळ्यावर तीन दरवाजा, अंबरखाना, अंधारबाव अशी स्मारकं गडभर विखुरलेली. शंभर-शंभर मीटरची वर्तुळं काढत गेलं की वस्तीचा बराच भाग त्यांत सापडतो. म्हणजे आतेभावाचं दुखणं युनेस्कोच्या कितीतरी आधीचं आहे. त्याचा राग खरा, पत्ता चुकलेला. आणि चुलतभाऊ ज्याला अतिक्रमण म्हणतो त्यात एक गाव आहे, ज्याला नगरपरिषद आहे. २०२१च्या पावसात गडाचा रस्ता खचला तेव्हा तिथली माणसं कशी राहिली, हे दारू पिऊन तटावर नावं कोरणाऱ्यांना विचारून कळणार नाही. त्या कोरणाऱ्यांना हाकला, त्याला माझी ना नाही. पण पिठलं-भाकरी विकणारी मावशी आणि ते एकाच पंगतीत नकोत.

व्हीलफ्राँश आदर्श आहे असंही नाही. तळमजल्यावर बहुतेक दुकानंच. चेटकिणीच्या बाहुल्या, साबण, मध. दुपारी साडेबाराला गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. सहाला एकेक शटर पडलं, पर्यटक गेले आणि वरच्या किती खिडक्यांत दिवे लागतात ते मी मोजलं. अकरा. नियम पाळून, दगड जपूनसुद्धा गाव हळूहळू रिकामं होऊ शकतं. पन्हाळ्यावर तीनेक हजार माणसं अजून राहतात. ते आपलं भांडवल आहे आणि आपण त्याला अडचण म्हणतोय.

एका घराची खिडकी नवी होती, करड्या निळ्या रंगाची. खाली कुंड्यांना पाणी घालणाऱ्या बाईंना माझ्या मोडक्या फ्रेंचमध्ये विचारलं, परवानगी मिळाली? मिळाली. किती दिवसांत? साध्या घरासाठी जास्तीत जास्त दोन महिने, त्या म्हणाल्या. आणि उत्तरच नाही आलं तर? बाईंना प्रश्न विचित्र वाटला असावा. उत्तर नाही आलं तर होकार धरायचा.

खिडकीचा फोटो आणि हे वाक्य मी आतेभावाला पाठवलं. दोन निळ्या खुणा आल्या. मग बराच वेळ ‘टायपिंग’ दिसत राहिलं. शेवटी आलं ते एवढंच : ‘उत्तर नाही आलं तर होकार? परत एकदा नीट विचार त्यांना.’