नव्याण्णव चेंडूंनंतर त्याला का थांबवलं?

नमस्कार,

अमेरिकन बेसबॉलमधला पिचर (चेंडू फेकणारा, आपल्या गोलंदाजासारखा) पॉल स्कीन्स याच्यावरच्या लेखाला तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगमध्ये, एकही चेंडू न टाकता त्याला ९२ लाख डॉलर मिळाले, म्हणजे मुलगा नशीबवान, नऊ इनिंगच्या (डावांच्या) सामन्यात सात इनिंगपर्यंत एकही हिट (फलंदाजाला बेसवर पोचवणारा फटका) दिलेली नसताना त्याला काढून घेतलं, म्हणजे लाडावलेला, १० विजय आणि १० पराभव असलेल्याला साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरचा, पुरस्कार देणं चुकीचं, आणि त्याच्याच संघाने, पिट्सबर्ग पायरेट्सनी, आपल्या रिंकू सिंग (क्रिकेटपटू नव्हे) आणि दिनेश पटेल या पिचरना मात्र वाऱ्यावर सोडलं.

नशिबाचं आधी बोलू. शाळा संपली तेव्हा, २०२० च्या ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू क्रमाने निवडतात त्यात), कुठल्याही संघाने त्याचं नाव घेतलं नाही. तो कॅलिफोर्नियाहून कोलोरॅडोतल्या एअर फोर्स अकॅडमीत गेला. तिथे तो मुख्यतः कॅचर (आपल्या यष्टिरक्षकासारखा) होता. फलंदाजी करायचा आणि जोडीला पिचिंग. लढाऊ विमानं चालवायची असंही त्याच्या मनात होतं. तिसऱ्या वर्षाला बसलं की लष्करी सेवेची बांधिलकी येते, म्हणून दोन वर्षांनी त्याला निर्णय घ्यावाच लागला. तो लुइझियाना स्टेट विद्यापीठात आला आणि पिचिंगवर लक्ष केंद्रित केलं. २०२३ च्या त्या एका मोसमात त्याने २०९ बॅटर स्ट्राइकआउट केले, म्हणजे तीन स्ट्राइकमध्ये बाद केले, आणि आपल्या कॉन्फरन्सचा (विद्यापीठांच्या गटाचा) १९८९ पासूनचा विक्रम मोडला. ड्राफ्टमध्ये पहिला क्रमांक आणि ते ९२ लाख त्यानंतर आले. यात नशीब किती आणि ती दोन वर्षं किती, हे तुम्हीच ठरवा.

आता खरा मुद्दा. ११ जुलै २०२४, मिलवॉकी. सात इनिंग, शून्य हिट, ११ स्ट्राइकआउट, ९९ चेंडू. आघाडी फक्त एका धावेची. आठव्या इनिंगला दुसरा पिचर आला आणि त्याने हिट दिली. सामना मात्र पायरेट्सनी १-० ने जिंकला. तुम्ही लिहिलंत, ‘आपले वेगवान गोलंदाज दिवसाला वीस-वीस षटकं टाकतात, हा शंभर चेंडूंत दमला का?’

तो दमला नव्हता. प्रश्न दमण्याचा नाहीच, कोपराचा आहे. क्रिकेटमधला वेगवान गोलंदाज धावत येतो, हात सरळ ठेवून चेंडू सोडतो. त्याची पाठ, गुडघे, घोटे झिजतात. पिचर उंचवट्यावर जागीच उभा राहून ताशी शंभर मैलांचा, म्हणजे १६० किलोमीटरचा चेंडू फेकतो. दंड मागे पिळला जातो, मग झटक्यात पुढे येतो आणि तो सगळा ताण कोपराच्या आतल्या बाजूच्या एका छोट्या अस्थिबंधावर पडतो. स्नायू व्यायामाने जसा बळकट होतो, तसा हा बंध होत नाही. १९७४ मध्ये टॉमी जॉन या पिचरचा हा बंध तुटला, तेव्हा डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या दुसऱ्या हातातला स्नायुरज्जू काढून तिथे बसवला. तोवर अशी दुखापत म्हणजे कारकीर्द संपली, असंच धरलं जायचं. आजही त्या शस्त्रक्रियेनंतर पुन्हा मैदानात यायला वर्ष-दीड वर्ष सहज जातं.

वॉशिंग्टनचा पिचर स्टीव्हन स्ट्रासबर्ग आठवतो का? जून २०१० मध्ये, याच पायरेट्सविरुद्ध, पदार्पणातच १४ स्ट्राइकआउट. तीन महिन्यांच्या आत कोपराचा बंध गेला. वॉशिंग्टनने त्याला २०१२ मध्ये सप्टेंबरातच थांबवलं, प्लेऑफ (बाद फेरीचे सामने) तोंडावर असताना, आणि अख्ख्या देशाची बोलणी खाल्ली. २०१९ च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम मालिकेचा, सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. पुढे शरीराने त्याची साथ सोडलीच. चेंडू मोजले की हात वाचतोच, असं छातीठोकपणे कोणी सांगू नये. पण स्कीन्ससारख्या बावीस वर्षांच्या मुलाच्या हातावर पैज लावायची नाही, याला मी लाड म्हणणार नाही. आपल्याकडे २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात बुमराह पाचपैकी तीनच कसोटी खेळला तेव्हाही असेच टोमणे ऐकले. पाठीची शस्त्रक्रिया झालेल्या गोलंदाजाबद्दल असं बोलवतं तरी कसं?

आणि गरज असते तेव्हा स्कीन्स टाकतो. २०२३ च्या कॉलेज वर्ल्ड सिरीजमध्ये (विद्यापीठांच्या राष्ट्रीय स्पर्धेत) वेक फॉरेस्ट विद्यापीठाविरुद्ध, हरलं तर घरी, अशा सामन्यात त्याने आठ इनिंग आणि १२० चेंडू टाकले, दोनच हिट दिल्या, धाव एकही नाही. बरोबरीमुळे सामना लांबला आणि अकराव्या इनिंगला त्याचा सहकारी टॉमी व्हाइट याच्या होमरनने (आपल्या षटकारासारख्या फटक्याने) लुइझियानाने तो २-० असा जिंकला. पुढे फ्लोरिडाविरुद्धच्या अंतिम मालिकेत प्रशिक्षकांनी त्याला एकदाही उतरवलं नाही. विजेतेपद मिळालं, आणि हातही शाबूत राहिला.

१०-१० चं म्हणाल तर बेसबॉलमध्ये सामन्यातला विजय किंवा पराभव एका पिचरच्या नावावर लिहितात, आणि पिचरच्या नावावरचा विजय त्याच्या संघाने किती धावा केल्या यावर ठरतो. २०२५ मध्ये स्कीन्सने दर नऊ इनिंगमागे १.९७ धावा दिल्या, २१६ स्ट्राइकआउट काढले. पायरेट्सनी त्याच्यासाठी धावाच केल्या नाहीत, यात त्याचा काय दोष? पुरस्कार एकमताने मिळाला, तो उगाच नाही.

रिंकू आणि दिनेशबद्दल तुम्हाला वाटतं ते मलाही वाटतं, पण तुमचा निष्कर्ष पटत नाही. उत्तर प्रदेशातले हे दोन भालाफेकपटू. २००८ मध्ये एका स्पर्धेतून निवडले गेले, त्याच वर्षी पायरेट्सनी त्यांना करारबद्ध केलं. त्याआधी त्यांनी बेसबॉल हातातही घेतला नव्हता. दिनेशला दोनेक वर्षांत सोडलं, हे खरं. रिंकूला मात्र क्लबने वर्षानुवर्षं ठेवलं. तो पायरेट्सच्या वेस्ट व्हर्जिनियातल्या कनिष्ठ संघापर्यंत चढला, २०१२ चा मोसम चांगला गेला, आणि मग दुखापतींनी त्याला गाठलं. स्कीन्स ज्या वयात ड्राफ्ट झाला, जवळपास त्याच वयात रिंकू हा खेळ शिकायला लागला होता. आपल्या मुलांवर अन्याय झाला असेल तर तो इथे झाला: ज्या हातात इतका वेग होता, त्याला दहाव्या-बाराव्या वर्षी चेंडू द्यायला इथे कोणी नव्हतं.